येऊन राहिलो

“कुलूप तोडलंत का?”

पुण्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. वारज्यात, सोसायटीच्या गेटवर, भर दुपारी. मागं टेम्पो उभा होता, टेम्पोत आमचा सगळा संसार. माझ्या कडेवर चार वर्षांची पिहू, झोपेतून नुकतीच उठलेली. समोर आमच्या घरमालकीण काकू, त्यांच्या बाजूला सोसायटीतले दोन पुरुष आणि वॉचमन. वॉचमनच्या हातात काठी होती.

मी म्हटलं, “कोणतं कुलूप?”

“फ्लॅटचं, दुसरं कोणतं? तुम्हीच फोन केलात ना, येऊन राहिलो म्हणून? किल्ली माझ्याकडे आहे. मग राहिलात कसे?”

झालं होतं ते एवढंच. स्टेशनवर सामान टेम्पोत भरलं आणि पिहूचे बाबा मला म्हणाले, काकूंना सांगून दे. मी फोन लावला. म्हटलं, “काकू, आम्ही येऊन राहिलो.” आमच्याकडं येऊन राहिलो म्हणजे येतोय, वाटेवर आहोत. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय. झोपून राहिली म्हणजे झोपली आहे. जन्मापासून असंच बोलतोय आम्ही. पण पुण्यात येऊन राहिलो म्हणजे आलो आणि राहिलो. बिऱ्हाड थाटलं. काकूंना वाटलं, ही मध्य प्रदेशातली माणसं कुलूप तोडून घरात शिरली. म्हणून माणसं गोळा करून त्या खाली उतरल्या होत्या.

पिहूच्या बाबांनी हात जोडून सांगितलं, आमच्या बोलण्यात असं असतं. ते कशाला हात जोडत होते मला कळेना, पण जोडले. दोघांतला एक पुरुष आधी हसला. मग दुसरा. मग वॉचमन. काठी खाली आली. काकू मात्र हसल्या नाहीत. किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, “मराठीत ‘येतोय’ म्हणतात. लक्षात ठेवा.”

बाप्पा! मी मराठीतच बोलले होते.

आमचं गाव पांढुर्ण्याच्या बाजूला. मध्य प्रदेशात आहे, पण महाराष्ट्राची हद्द सायकलवर गाठता येते. घरात मराठी. भांडण मराठीत, लाड मराठीत, रडणं मराठीत. शाळा तेवढी हिंदी. शाळेत मास्तर म्हणायचे, “ए मराठन, ढंग से बोल.” मी ढंगात बोलायला शिकले. हिंदी घेऊन बीए झाले, एका छोट्या शाळेत शिकवलंही. तरी तिथं मी मराठनच राहिले. त्यामुळं पिहूच्या बाबांना लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत पुण्याचं काम मिळालं आणि आम्ही सगळ्यांनीच निघायचं ठरलं, तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगू, नाचायचंच बाकी होतं. माझी माय दारात रडत होती. तिला मी म्हटलं, “माय, रडू नको वं. मी परक्या मुलकात नाई चालली. आपल्या बोलीच्या गावाले चालली.”

आपली भाषा जिथं दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेली असते, बसवर लिहिलेली असते, तिथं माझी पोरगी वाढणार. तिला कोणी मराठन म्हणून चिडवणार नाही. एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत आमचं नाव पडलं. ‘येऊन राहिलेले.’ दुधाची पिशवी आणायला खाली गेले की कोणीतरी विचारायचं, “काय, येऊन राहिल्या का?” लिफ्टमध्ये विचारायचं. कचऱ्याच्या डब्यापाशी विचारायचं. तो कुलपाचा किस्सा काकूंनी मजल्या-मजल्यावर सांगितला होता, आणि दर मजल्यावर वॉचमनची काठी थोडी मोठी होत गेली. मी हसून घ्यायची. पिहूचे बाबा म्हणायचे, “हसू दे. चार दिवस हसतीन, मंग थकतीन.”

थकले नाहीत.

काकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. जन्म सदाशिव पेठेतला, सगळी नोकरी नारायण पेठेतल्या शाळेत, मराठी शिकवण्यात. निवृत्त झाल्यावर मुलानं वारज्यात दोन फ्लॅट घेऊन दिले, एक राहायला, एक भाड्यानं द्यायला. बाई शिस्तीची. दारात चप्पल वाकडी दिसली तर पायानं सरळ करायच्या आणि मग बेल वाजवून सांगायच्या की मी सरळ केली. रोज संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये त्या मुलांचा संस्कारवर्ग घ्यायच्या. श्लोक, पाढे, गोष्टी, पाठांतर. मला म्हणाल्या, “पाठवा हिला. आत्ताच जीभ वळायला हवी. नंतर नाही वळत.” तसं म्हणताना माझ्याकडं बघितलं त्यांनी.

मी पाठवली. शिकलेल्या बाईच्या हाताखाली पोरगी चार गोष्टी शिकेल, ओळखी होतील, नव्या गावात तिला मैत्रिणी मिळतील. कोणत्या आईनं पाठवली नसती?

पिहू कशी होती ते सांगायला पाहिजे. पिहू म्हणजे नुसती बडबड. जिन्याच्या पायऱ्यांशी बोलायची, केळ्याच्या सालीशी बोलायची. खालचं कुत्रं दिसलं की सुरू, “माय, हे कुत्रं दिवसा काहून झोपून राहिलं? त्याले शाया नाई का?” आमच्याकडं शाळेला शाया म्हणतात, केळ्याला केयं, ‘का’ला काहून. तिच्या ‘काहून’ला अंत नसायचा. स्वयंपाक करताना मी वैतागून म्हणायची, पोरी, जरा तोंडाला विश्रांती दे.

दिली तिनं विश्रांती.

आधी ‘काहून’ गेलं. मग गोष्टी गेल्या. मग विचारलं तर मान हलवायची. भूक लागली? मान. आणखी भात? मान. मला वाटलं, नवं गाव आहे, बुजली असेल. पिहूच्या बाबांना वाटलं, मोठी होतेय, शहाणी होतेय. काकू म्हणाल्या, “बघा, किती शांत झाली. वळण लागतंय.”

रविवारी माझ्या मायचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या रविवारी मायनं तिकडून विचारलं, “काय करून राहिली माही बाई?” पिहू माझ्या मांडीवरून उतरली. बेसिनपाशी गेली. तिथं पाट ठेवलेला असतो, त्यावर चढली, नळ सोडला. चूळ भरली, थुंकली, फ्रॉकनं तोंड पुसलं आणि फोनसमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं. काही बोलायच्या आतच परत मिटलं आणि परत बेसिनकडं गेली. परत चूळ. तिकडून माय घाबरली. “वं, पोरीच्या तोंडाले काय झालं? फोड आले का?”

मलाही तेच वाटलं. फोन ठेवून मी पिहूला खिडकीत नेलं, तोंड उघडायला लावलं. फोड नाही, काही नाही. साफ जीभ.

“पिहू, चूळ काहून भरून राहिली?”

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्या तोंडावर! मग हळूच म्हणाली, “काकू म्हणते घाण शब्द आला की चूळ भर.”

“कोणता घाण शब्द?”

मान हलवली. सांगेना. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, कानात सांग. तिनं कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, “राहिली.”

मी जाऊन बेसिनचा नळ घट्ट बंद केला.

सोमवारी संध्याकाळी मी न सांगता हॉलवर गेले. दाराबाहेर पोरांच्या चपला होत्या, तिथंच उभी राहिले. मुलं सतरंजीवर, काकू खुर्चीवर, समोर टेबलावर तांब्या आणि ग्लास. एका मुलानं शेजारच्याला शिवी दिली. काकूंनी बोट दाखवलं. तो उठला, बाहेर स्कूटरींजवळच्या नळावर गेला, चूळ भरून हसत परत आला. ठीक आहे. शिवीला शिक्षा. आमच्या शाळेत तर छडी बसायची.

मग काकू म्हणाल्या, “पिहू, केळं म्हण.”

“केयं.”

“ळ. केळं.”

“केयं.”

काकूंनी बोट दाखवलं.

पोरं ओरडली, “चूळ भर! चूळ भर!”

पिहू रडली नाही. रुसली नाही. उठली, माझ्या समोरून गेली, मी दिसले तरी थांबली नाही, नळापाशी गेली, ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसली. मुंबईला चाललेल्या माणसानं तिकीट काढावं तशी. सवय झाली होती तिला. ती रडली असती तर मला एवढं लागलं नसतं.

सुटल्यावर मी काकूंना गाठलं. शक्य तितक्या चांगल्या शब्दांत विचारलं, हे कशासाठी? त्या म्हणाल्या, “अहो, शिवी काय आणि अशुद्ध बोलणं काय, दोन्हीनं तोंड विटाळतंच. तिच्या भल्यासाठी सांगतेय. शुद्ध बोलायला लागली की तुमचाच फायदा.”

विटाळतं.

हे शब्द मला नवे नाहीत. माझी माय शाळेत होती तेव्हा तिला माठाला हात लावू देत नसत. ओंजळ धरायची आणि वाट पाहायची. कोणीतरी वरून पाणी ओतायचं. ओतणाऱ्याच्या मनात आलं तर पोटभर, नाही तर घोटभर. म्हणून माय आजही घरात ग्लास असताना ओंजळीनं पाणी पिते, आणि आम्ही ओरडलो की हसते. तिचे हात अशुद्ध होते. तिच्या नातीची जीभ अशुद्ध निघाली. घर देताना काकूंनी आडनाव विचारलं होतं, आणि ऐकून “हं” म्हणाल्या होत्या. त्यांच्या मनात तेच होतं का, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्या मनात मात्र तेच आलं, आणि ते मी लपवणार नाही.

घरी येऊन पिहूच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तिले वर्गात पाठवू नको. बस. काकूले काई बोलू नको. घर जाईन. पुन्हा कुठी फिरू पोरीले घेऊन?” त्यांचंही चूक नव्हतं. हे घर मिळायच्या आधी ते एकटेच पुण्यात दारोदार फिरले होते. कुठले, कोण, काय खाता, पाहुणे किती येतात. तोंड उघडलं की घर गेलेलं असायचं. मी गप्प बसले. पिहूचा वर्ग बंद केला.

थोड्याच दिवसांत काकूंनी बेल वाजवली. मराठी दिनाचा कार्यक्रम होता, हॉलमध्ये मुलांचं नाटुकलं बसवत होत्या. पिहू येत नाही म्हणून नाराज होत्या. “तिच्यासाठी मुद्दाम काम ठेवलंय,” म्हणाल्या. “एकच वाक्य.”

“कोणाचं काम?”

“कामवालीचं. पाठ करायची गरजच नाही. ती बोलते तसंच बोलायचं. लोक पोट धरून हसतील बघा.”

मी दाराची कडी धरून उभी होते. ही बाई वर्गात त्याच बोलण्याला चूळ भरायला लावत होती. आता तेच बोलणं तिला स्टेजवर हवं होतं, हातात झाडू देऊन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी म्हटलं, “उद्या घेऊन येते.”

का म्हटलं? मला बघायचं होतं. आपल्या डोळ्यांनी, पूर्ण.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये बऱ्याच आया बसल्या होत्या. पिहूला एक जुना परकर छातीपर्यंत बांधला, हातात छोटा झाडू दिला. एक मुलगी सोफ्यावर मालकीण होऊन बसली होती. तिनं हाक मारायची, आणि पिहूनं दारातून येऊन म्हणायचं, “बाईसाहेब, मी येऊन राहिली.”

हाक मारली. पिहू आली. उभी राहिली. तोंड घट्ट मिटलेलं.

“बोल ना,” काकू म्हणाल्या.

नाही.

“अगं, रोज बोलायचीस ना? आता दातखीळ बसली का?”

आया हसल्या. पिहूनं दाराबाहेर बघितलं. नळ होता त्या बाजूला. काकूंनी कपाळाला हात लावला, खुर्चीवरून उठल्या, पदर खोचला, झाडू घेतला, कंबर वाकडी केली आणि नाकातून आवाज काढून म्हणाल्या, “बाईसायेब, म्या येऊन ऱ्हायली बरं का!”

सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या.

पिहू हसली नाही. ती काकूंकडं एकटक बघत होती. मग टेबलावरच्या तांब्याकडं बघितलं, परत काकूंकडं. ती वाट बघत होती. काकूंच्या तोंडात तो शब्द आला होता, आता काकू चूळ भरणार. नियम होता ना. चार वर्षांच्या पोरीला नियम म्हणजे नियम.

काकू भरत नव्हत्या.

मी उठले. टेबलापाशी गेले, तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि काकूंच्या समोर धरलं.

“घ्या.”

“काय हे?”

“चूळ भरा.”

काकूंना आधी कळलं नाही, मग कळलं. चेहरा लाल झाला.

“अहो, हे नाटक आहे. गंमत कळत नाही का तुम्हाला?”

“माझी मुलगी बोलली की घाण. तुम्ही बोललात की गंमत. काहून?”

‘काहून’ तोंडातून निसटलं. निसटलं ते बरंच झालं. मागं कोणीतरी खुदकन हसलं. काकूंनी मान ताठ केली.

“आधी नीट बोलायला शिका. मग भांडा.”

“नीटच बोलून राहिली मी,” मी म्हटलं. “भरा चूळ.”

मी हात खाली घेतला नाही. भीती वाटत होती, सांगते ना. घर दिसत होतं डोळ्यांसमोर, टेम्पो दिसत होता. तरी हात खाली घेतला नाही. शेवटी काकू वळल्या आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. ग्लास मी त्यांच्यापुढं टेबलावर ठेवला. पिहूचा परकर सोडला, घडी केली, झाडूवर ठेवला आणि पोरीला घेऊन निघाले.

मागून काकूंचा आवाज आला. “करार अकरा महिन्यांचा असला तरी घर माझं आहे. लक्षात ठेवा.”

लक्षात ठेवा. हे त्यांचं आवडतं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर मेसेज. महिनाअखेर घर रिकामे करावे. शुद्धलेखन चोख. पिहूचे बाबा कामावरून आले, मेसेज वाचला, डोकं धरून बसले. “एका गिलास पान्यासाठी घर घालवलं तू.”

“हाव,” मी म्हटलं. “पान्यासाठीच.”

ते उठले, चप्पल घातली. म्हणाले, माफी मागून येतो, दोन शब्दांनी काय जातं आपलं. मी दारात उभी राहिले. अडवलं नाही. एवढंच म्हटलं, “जा. पन आधी पोरीले सांगा. तिच्या आजीचं बोलनं घान हाये म्हनून. तुमच्या मायचंबी. तुमचंबी. तुमच्या तोंडानं सांगा, मंग जा.”

पिहू भिंतीला टेकून बसली होती. बाबांकडं बघत होती. ते तसेच उभे राहिले. मग चप्पल काढली.

रविवारी मायचा फोन आला. “काय करून राहिली माही बाई?” पिहू उतरली आणि बेसिनकडं निघाली. मी तिच्या आधी पोचले आणि बेसिनसमोर उभी राहिले. ती थांबली. मी हलले नाही. ती परत फिरली, फोनसमोर जाऊन बसली. बोलली नाही. तिकडून मायच बोलत राहिली, संत्र्याचं, शेळीचं, शेजारणीचं. पिहूनं नुसतं ऐकलं.

अजून ती पूर्वीसारखी बोलत नाही. वाईट वाटतं. रागही येतो, फार राग येतो. एक शब्द पोरीच्या तोंडात घालायला मला वर्ष लागलं होतं, आणि तो काढायला त्या बाईला काही संध्याकाळी पुरल्या.

हे सगळं मी इथपर्यंत तुमच्या भाषेत सांगितलं. ळ जिथल्या तिथं, ण जिथल्या तिथं. येतं मले. कोनी म्हनू नये का हिले येत नाई म्हनून अशी बोलते. येतं, आन तरी मी अशीच बोलीन. भाजीवाल्यापाशी बोलीन, बँकेत बोलीन, पिहूच्या शायेत बाईपुढं बोलीन. माही पोट्टी ऐकीन. पाच वेळा ऐकीन, पन्नास वेळा ऐकीन. आपली माय इतक्या लोकाईत असं बोलते आन चूळ भरत नाई, हे तिले दिसलं पाहिजे. तिचा शब्द मी तिच्या तोंडात परत घालीन. पुनं सोडून मी जात नाई. घर सोडीन.

दुसरं घर पाह्यलं आमी. वारज्यातच, दोन गल्ल्या सोडून. काल तिथल्या मालकाचा फोन आला. पिहू माह्या मांडीवर होती. पिहूचे बाबा समोर सामान बांधून राहिले होते, त्याईनं माह्याकडं पाह्यलं आन मान खाली घातली.

मालकानं विचारलं, “काय मॅडम, कधी येताय मग?”

मी म्हनलं, “येऊन राहिलो.”

“म्हणजे? येताय, की आलात?”

पिहू माह्या तोंडाकडं पाहून राहिली होती.

“दोनी,” मी म्हनलं.